धातूच्या वस्तू उजळणे : कोकण किनारपट्टीवरील पद्धत

घरातील तांब्या-पितळेची भांडी, देवाची उपकरणी, चांदी व लोखंडी हत्यारे यांवर चढलेला काळपट, हिरवा किंवा तांबूस थर काढून मूळ धातू मोकळा करणे आणि तो तसा टिकवणे, या कामाला उजळणे म्हणतात. कोकणात भांडी आणि उपकरणी प्रामुख्याने गणपतीच्या आधी, दिवाळीत व शिमग्यापूर्वी उजळली जातात. कोयते, कुदळी, फावडी यांची निगा पेरणीच्या आधी आणि पाऊस सरल्यावर घेतली जाते. वापरायचे पदार्थ बहुतेक परसातलेच: चिंच, आमसूल, बिंबल, लिंबू, आंबट ताक, चुलीची राख आणि नारळाचा काथ्या.

किनाऱ्यावर धातू लवकर का मंदावतो

तांबे उघड्या हवेत आधी तांबूस-तपकिरी आणि पुढे काळपट होते. हा तांब्याच्या ऑक्साइडचा थर असतो. तो पातळ व घट्ट असला, तर आतल्या धातूचे थोडेफार रक्षणही करतो. किनाऱ्यावर या थरात खाऱ्या वाऱ्याबरोबर येणारे मीठ शिरते. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण बाष्प ओढून स्वतःच विरघळतो, आणि पावसाळ्यात कोकणातली आर्द्रता बहुतेक वेळ त्याहून जास्तच असते. प्रत्येक कणाजागी खाऱ्या पाण्याचा सूक्ष्म थेंब तयार होतो, त्यातील क्लोराइड वरचा थर फोडते आणि खालचा धातू खाऊ लागते. तांब्या-पितळेवरचा फिकट हिरवा भुरका अशा ठिकाणी बऱ्याचदा तांब्याच्या क्लोराइडचा असतो. लोखंडावर हेच मीठ खोल खड्डे पाडते.

म्हणून येथे घासण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व मीठ धुऊन काढण्याला आणि भांडे पूर्ण कोरडे करण्याला आहे. खूप घासून लखलखीत केलेले आणि घाईने विसळून ओलेच उपडे घातलेले भांडे दोनच दिवसांत डागाळते. दोष चिंचेला दिला जातो, पण तो पाण्याचा व राहिलेल्या मिठाचा असतो. समुद्रालगतच्या काही विहिरींचे पाणी मचूळ असते. अशा घरी घासणे त्या पाण्यात झाले तरी शेवटचे विसळणे गोड्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्यात करावे.

तांबे आणि पितळ

पहिली पायरी तेलकटपणा काढण्याची असून बहुतेक जण तीच गाळतात. समई, निरांजन, लामणदिवा यांवर तेलाचा थर वाळून वार्निशासारखा कडक होतो. त्याखालच्या ऑक्साइडपर्यंत आंबट पाणी पोहोचतच नाही, मग हात दुखेपर्यंत घासले जाते आणि चमक ठिपक्याठिपक्यांनी येते. एक लिटर कडकडीत पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घालून वस्तू त्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवावी, नंतर काथ्याने किंवा जुन्या दातांच्या ब्रशाने खाचा मोकळ्या कराव्यात. पाणी थेंब न धरता पृष्ठभागावर सारखे पसरू लागले म्हणजे तेल गेले. समईचे मळसूत्री भाग आधी सुटे करावेत. आट्यांमधली घाण तशीच राहिली तर हिरवा थर तिथूनच परत सुरू होतो.

त्यानंतर आंबट. साधारण 50 ग्रॅम चिंच एक वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कोळ काढावा, त्यात एक लहान चमचा मीठ घालावे. चिंचेतील टार्टारिक आम्ल ऑक्साइड विरघळवते, मीठ ती क्रिया जलद करते. कोळ लावून दोन-तीन मिनिटे थांबावे आणि काथ्याने एकाच दिशेने घासावे. आमसुले वापरायची तर पाच-सहा भिजवून कुस्करली की पुरतात. आगळ (कोकमाचा खारवलेला रस) वापरल्यास वरून मीठ घालू नये, कारण ते टिकवण्यासाठी आधीच भरपूर मीठ घातलेले असते. बिंबलाच्या फळात ऑक्झॅलिक आम्ल असते आणि ते चिंचेपेक्षा तीव्र काम करते. फळ चिरून थेट डागावर चोळावे, मात्र हाताला चिरा असल्यास टाळावे. लिंबाची पिळलेली साल मिठात बुडवून लहान वस्तूंना पुरते.

राख आणि चिंच एकत्र कालवण्याची पद्धत सर्रास दिसते, पण तिने दोन्हींचा जोर कमी होतो. लाकडाची राख अल्कधर्मी असल्याने चिंचेचे आम्ल मारते. आधी आंबटाने घासून, विसळून, मग वस्त्रगाळ राखेचा हात फिरवावा. तेव्हा राख बारीक घर्षणाचे काम करते आणि छिद्रांत उरलेले आम्लही निष्प्रभ होते. राख चाळणीने चाळणे पुरेसे नाही, ती पातळ सुती कापडातून गाळावी. वाळूचा एक कण आला तरी ताम्हणावर कायमची रेघ उमटते. किनाऱ्यावरची रेती भांड्यांना कधीच लावू नये. तिच्यात कठीण गारेचे कण, शिंपल्यांचा चुरा आणि मीठ तिन्ही असतात.

शेवटी दोन वेळा स्वच्छ पाण्यात विसळावे, सुती फडक्याने लगेच पुसावे आणि उन्हात किंवा चुलीच्या धगीजवळ पूर्ण वाळवावे. कळशीच्या काठाची दुमड, घंगाळाच्या कड्यांचे सांधे आणि तांब्याच्या बंबाच्या तोटीमागची जागा येथे पाणी अडते. तिथे फडक्याचे टोक खुपसून पुसावे लागते. पूजेची किंवा शोभेची वस्तू महिनाभर ठेवायची असेल तर तिच्यावर खोबरेल तेलाचा बोट फिरेल इतकाच हात देऊन कोरड्या कापडाने पुसून टाकावे. तेल जाड राहिले तर धूळ व मीठ त्यालाच चिकटतात.

बाजारातली पितांबरीसारखी पावडर वेळ वाचवते. तिचा उपयोगही याच क्रमात करावा: आधी तेल काढणे, मग पावडर, मग भरपूर पाणी. कोरीव कामाच्या खाचांत राहिलेली पावडर पांढरी-हिरवी होऊन बसते, ती ब्रशानेच निघते.

पितळेची एक अडचण तांब्याला नसते. पितळ हे तांबे आणि जस्ताचे मिश्रण आहे, आणि आंबटात फार वेळ राहिले तर जस्त आधी विरघळते. पृष्ठभागावर तांबे उरते आणि गुलाबी-तांबडे चट्टे दिसू लागतात. रात्रभर चिंचेत बुडवून ठेवलेल्या पितळी टोपावर हेच होते. चट्टा वरवरचा असल्यास बारीक राखेने घासून जातो, खोल असल्यास कारागिराकडून बफिंग करून घेणे एवढाच मार्ग उरतो. असाच गुलाबी रंग तारेच्या घासणीनेही येतो: आंबट पाण्यात विरघळलेले तांबे लोखंडाच्या सान्निध्यात पुन्हा धातुरूपात बसते. म्हणून आंबट लावलेल्या पितळेला काथ्याच योग्य, आणि एकदा वापरलेल्या कोळात दुसरे भांडे बुडवू नये.

नव्या समईवर पुष्कळदा कारखान्यातच पारदर्शक लॅकर दिलेले असते. ते कुठेतरी तडकले की आत मीठ व ओल शिरते, आणि चकचकीत भागात कोळ्याच्या जाळ्यासारखे काळे फाटे पसरतात. यावर चिंच उपयोगी पडत नाही. आधी मोकळ्या हवेत, ज्योतीपासून दूर, थिनरच्या बोळ्याने लॅकर पूर्ण काढावे लागते.

कल्हई असलेली भांडी व कासे

तांब्या-पितळेच्या पातेल्यात सोलकढी, ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली तर ती कळकते, म्हणजे धातू पदार्थात उतरून चव बिघडते आणि मळमळ, उलटी होऊ शकते. यासाठी आतून कथलाची कल्हई असते. ही बाजू उजळायची नसते. राख, वीट, तारेची घासणी यांनी मऊ कथील निघून जाते. मऊ फडके व साबण पुरे. करपलेला पदार्थ काढायला भांड्यात पाणी उकळून थंड होऊ द्यावे. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून रिकामे भांडे जाळावर ठेवू नये. आत तांबडे दिसू लागले की कल्हईवाल्याकडे द्यावे. तो भांडे तापवून नवसागराने पृष्ठभाग स्वच्छ करतो आणि कथील कापसाच्या बोळ्याने पसरवतो.

काशाच्या थाळी-वाटीत तांब्याबरोबर कथील असते. हा मिश्रधातू कठीण पण ठिसूळ असतो. त्याला बारीक राख किंवा साबण पुरतो. गरम थाळी एकदम थंड पाण्यात टाकली तर तडकू शकते.

चांदी

चांदी गंधकाने काळी पडते. किनारी गावांत याचा एक स्रोत खाडीकाठी असतो: खाजणातल्या आणि तिवरांखालच्या चिखलातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो, ओहोटीला येणारा कुजका वास त्याचाच. रबरबँड, लोकरीचे कापड आणि अंडी यांच्या संपर्कानेही काळेपणा येतो.

अॅल्युमिनियमच्या भांड्यात किंवा तळाशी अॅल्युमिनियमचा कागद अंथरलेल्या भांड्यात एक लिटर उकळते पाणी, एक मोठा चमचा खाण्याचा सोडा आणि तेवढेच मीठ घालून चांदी त्यात दोन ते पाच मिनिटे बुडवावी. चांदीचा अॅल्युमिनियमला स्पर्श झालाच पाहिजे, नाहीतर काहीही घडत नाही. काळ्या थरातील गंधक अॅल्युमिनियमकडे जातो आणि चांदी जागेवर राहते, त्यामुळे घासून होणारी झीज टळते. कुजका वास येतो, खिडकी उघडी ठेवावी. नंतर नीट विसळून पुसावे. मोत्यांची नथ, खडे बसवलेले दागिने, आत लाख भरलेल्या वस्तू आणि मुद्दाम काळी केलेली नक्षी यांना ही रीत चालत नाही. त्यांना पाण्यात कालवलेली मऊ खडूची भुकटी किंवा वस्त्रगाळ विभूती बोटाने हलकेच लावावी. दंतमंजनाचे कण अनेकदा खरखरीत असतात, त्याने चांदीचा मुलामा उडतो.

शिमग्यात पालखीत बसणारी देवांची रुपे आणि घरच्या देव्हाऱ्यातले टाक दरवर्षी जोरात घासले गेले तर नाक, डोळे, दागिन्यांच्या कडा बुजत जातात. अशा वस्तूंना पावडर न लावणेच इष्ट. जुन्या घंटांचीही तीच गोष्ट. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यानंतर तेथील चर्चच्या घंटा अनेक देवळांत आल्या. त्यांवर साल आणि अक्षरे ओतलेली असतात. त्यांचा घट्ट तपकिरी थर धातूचे रक्षण करतो आणि तो काढू नये. फक्त भुकटीसारखा सुटणारा फिकट हिरवा ठिपका वारंवार उमटत असेल तर आत क्लोराइड काम करत आहे असे समजून ते पुराणवस्तूंच्या जाणकारास दाखवावे.

लोखंडी हत्यारे

कोयता, विळी, आडकित्ता, कुऱ्हाड, पहार, कुदळ यांच्या बाबतीत वरचे काही नियम उलटे होतात. लोखंडाला मीठ घातलेले काहीही लावू नये. आगळाने गंज निघालेला दिसतो, पण खड्ड्यांत बसलेले क्लोराइड पुढच्याच पावसात पाते खाते. कंबरेच्या आकडीला दिवसभर अडकवलेला कोयता घामातल्या मिठानेही गंजतो, म्हणून घरी आल्यावर तो गोड्या पाण्याने धुऊन पुसणे हा त्याचा खरा उपचार. मासे कापायच्या विळीचेही तसेच.

हलका गंज 120 नंबरच्या पॉलिश पेपरने काढून 220 ने गुळगुळीत करावा. पेपर पाठीकडून धारेकडे न्यावा, धारेवर आडवा फिरवू नये, नाहीतर धार गोल होते आणि बोटही कापते. जाड पापुद्रे आधी तारेच्या ब्रशाने झाडावेत. त्यावर बिंबलाचा रस किंवा साधे व्हिनेगर लावून आठ-दहा तास ठेवले की उरलेला गंज मऊ होतो. लाकडी मूठ मात्र त्यात बुडू देऊ नये. नंतर एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा सोडा घालून धुवावे, म्हणजे आम्ल मरते. साफ झालेले ओले लोखंड काही मिनिटांतच पुन्हा पिवळसर पडते, त्यामुळे पुसून लगेच उन्हात किंवा धगीवर हाताला चटका बसेल इतके तापवावे आणि कोमट असतानाच तेल लावावे. निसण्यावर धार लावायची ती तेल लावण्याच्या आधी.

सुपारी कापून आडकित्ता निळा-काळा होतो. हा सुपारीतील टॅनिन आणि लोखंड यांचा थर असतो, गंज नव्हे. तो घासत बसण्याची गरज नाही, चिकटा पुसून धार स्वच्छ ठेवली की झाले. फणसाचा चीक वाळल्यावर विळीवरून खरवडून काढला तर ओरखडे पडतात. फणस फोडण्यापूर्वी पात्याला खोबरेल लावावे, आणि चीक लागलाच तर तेलाच्या बोळ्याने मऊ करून पुसावा.

स्वयंपाकातल्या हत्यारांना खोबरेल चालते, पण ते पातळ असते आणि फार दिवस राहिले की खवट होते. शेतीच्या अवजारांना पावसाळाभर किंवा पावसाळ्यानंतर ठेवणीत टाकताना एक भाग मेण आणि चार भाग तेल गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवून तो लेप द्यावा, किंवा सरळ ग्रीस लावावे. जमिनीवर किंवा जांभ्या दगडाच्या भिंतीला टेकवून ठेवल्यास ओल चढते. अवजारे टांगून ठेवावीत. ओलसर पोत्यात गुंडाळणे हे सर्वांत वाईट.

स्टीलची भांडी गंजत नाहीत ही समजूत किनाऱ्यावर अर्धीच खरी आहे. मिठाचे पाणी तळाशी साठून राहिले तर त्यांवरही बारीक ठिपक्यांचे खड्डे पडतात. तारेच्या घासणीचे तुटलेले तुकडे अडकले तर तेच गंजून तांबूस डाग देतात, ते लिंबाने निघतात. अॅल्युमिनियमचा टोप आतून काळा पडला तर त्यात आमसुले किंवा चिंच घालून दहा मिनिटे पाणी उकळावे. धुण्याचा सोडा मात्र त्यात घालू नये, तो अॅल्युमिनियम खातो.