मान, टोमास

मान, टोमास : (६ जून १८७५–१२ ऑगस्ट १९५५). विसाव्या शतकातील श्रेष्ठ जर्मन कादंबरीकार. जन्म ल्यूबेक या जुन्या व्यापारी शहरात. वडील धान्याचे व्यापारी व नगराचे सिनेटर; आई यूलिया ब्राझीलमध्ये जन्मलेली. १८९१ मध्ये वडील वारले आणि त्यांच्या इच्छेनुसार पिढीजात पेढी मोडण्यात आली. कुटुंब म्यूनिकला गेले. थोरला भाऊ हाइनरिख हाही नामवंत लेखक.

त्या मोडलेल्या पेढीतूनच ‘बुडनब्रोक्स’ (१९०१) ही पहिली कादंबरी आली. एका व्यापारी घराण्याची चार पिढ्यांतली उतरती कळा हा तिचा विषय. प्रकाशक फिशर यांनी हस्तलिखित निम्म्यावर आणायला सांगितले. पंचविशीतल्या मानने ठाम नकार दिला, आणि पुस्तक अखंड निघाले. त्यात घराण्याची एक वही आहे. जन्म, लग्ने, मृत्यू त्यात पिढ्यान्‌पिढ्या नोंदलेले. एके दिवशी धाकटा हानो आपल्या नावाखाली पट्टीने दुहेरी रेघ ओढतो. वडील रागावून विचारतात, तेव्हा तो चाचरत सांगतो की, यापुढे काही येणार नाही असे वाटले. सगळी कादंबरी त्या रेघेत आहे.

१९०५ मध्ये काट्या प्रिंग्सहाइमशी विवाह, सहा मुले. १९१२ मध्ये ती स्वित्झर्लंडमधील दावोसच्या आरोग्यधामात असताना मान काही आठवडे तिच्या सोबतीला राहिला. त्या मुक्कामातून ‘जादूचा पहाड’ (१९२४) ही कादंबरी उभी राहिली. १९२९ च्या नोबेल पारितोषिकाच्या निवेदनात मात्र नाव ‘बुडनब्रोक्स’चेच होते, ‘जादूचा पहाड’ या थोर कादंबरीवर तो अन्यायच म्हणावा लागेल.

पहिल्या महायुद्धात त्याने जर्मनीच्या बाजूने हिरिरीने लिहिले, त्यावरून भावाशी वैर आले. १९२२ मध्ये मात्र त्याने प्रजासत्ताकाची बाजू उघडपणे घेतली. चाळिशी उलटल्यावर आपले मत असे जाहीरपणे बदलणे सोपे नसते. फेब्रुवारी १९३३ मध्ये व्याख्यानांसाठी तो देशाबाहेर गेला आणि हिटलरच्या राज्यात परतला नाही. १९३६ मध्ये त्याचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. १९३८ पासून मुक्काम अमेरिकेत. युद्धकाळात बीबीसीवरून तो जर्मन श्रोत्यांशी बोलत असे. लॉस एंजेलिसमध्ये ध्वनिमुद्रित केलेली तबकडी विमानाने न्यूयॉर्कला जाई, तिथून टेलिफोनवर लंडनला ऐकवली जाई. १९४२ मध्ये ब्रिटिश बॉम्बफेकीत ल्यूबेक जळाले; मानच्या आजी-आजोबांचे घरही पडले. मानने त्या वेळीही श्रोत्यांना जर्मन बॉम्बफेकीत उद्ध्वस्त झालेल्या इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहराची आठवण करून दिली.

भारतीय वाचकाला जवळची वाटेल अशी त्याची दीर्घकथा म्हणजे ‘अदलाबदल झालेली मस्तके’ (१९४०). वेताळ पंचविशीतली ही गोष्ट त्याला भारतविद्येचे अभ्यासक हाइनरिख त्सिमर यांच्या लेखनातून मिळाली. दोन पुरुषांची मस्तके एकमेकांच्या धडांवर बसतात; मग नवरा कोणता, शिर ज्याचे तो, हे उत्तर देऊन आपला विक्रम मोकळा होतो. मानची गोष्ट तिथून पुढे जाते: शिर धडाला बदलते, धड शिराला, आणि कथेतल्या बायकोची, सीतेची, ओढ भागतच नाही. गिरीश कर्नाड यांच्या ‘हयवदन’ला हीच कथा आधाराला मिळाली.

‘डॉक्टर फाउस्टुस’ (१९४७) मध्ये सैतानाशी करार करणाऱ्या संगीतकाराच्या रूपाने त्याने जर्मनीचा ऱ्हास मांडला. १९५२ मध्ये तो युरोपात परतला आणि स्वित्झर्लंडमध्ये राहिला. झुरिक येथे त्याचे निधन झाले. जवळच्या किल्खबेर्ग येथे त्याची कबर आहे.