सेलेनियम (आहारपूरक खनिज)

सेलेनियम : मानव व इतर प्राण्यांना अत्यल्प प्रमाणात आवश्यक असलेले लेश मूलद्रव्य. प्रौढ व्यक्तीची दैनंदिन गरज अमेरिकेतील २००० सालच्या शिफारशीनुसार ५५ मायक्रोग्रॅम धरतात. यूरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१४ मध्ये ७० मायक्रोग्रॅम सेवन पुरेसे मानले. सुरक्षित सेवनाची कमाल मर्यादा अमेरिकेत ४०० मायक्रोग्रॅम असून यूरोपात ती २०२३ मध्ये २५५ पर्यंत खाली आणण्यात आली. गरज आणि अपाय यांमधले अंतर इतके कमी असल्याने सेलेनियमच्या गोळ्यांविषयी वैद्यकात एकमत नाही.

स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ यन्स याकॉब बर्झीलियस यांनी १८१७ मध्ये हे मूलद्रव्य शोधले. त्यानंतर शतकाहून अधिक काळ ते केवळ विष म्हणून ज्ञात होते. अमेरिकेच्या साउथ डकोटा भागात गुरांचे खूर व केस झडण्याचे कारण चाऱ्यातील सेलेनियम असल्याचे १९३० नंतरच्या दशकात दिसून आले. तेराव्या शतकात मार्को पोलोने पश्चिम चीनमधील डोंगराळ मुलखात एक वनस्पती खाल्ल्याने जनावरांचे खूर गळतात असे लिहिले आहे. ही सेलेनियम-विषबाधेची पहिली नोंद, असे अनेक पाठ्यपुस्तकांत छापलेले आढळते. मात्र कान्सू प्रांतातील संबंधित कुरणांच्या मातीचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात सेलेनियमचे प्रमाण विषबाधा होण्याइतके आढळले नाही. तेव्हा ती बाधा अन्य विषारी वनस्पतींमुळे झाली असावी, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

सेलेनियमचे पोषणमूल्य १९५७ मध्ये उघड झाले. ई जीवनसत्त्वाची उणीव असलेल्या उंदरांच्या यकृताचा नाश सेलेनियममुळे टळतो, असे क्लाउस श्वार्ट्‌स व कॅल्व्हिन फोल्ट्‌झ यांनी दाखवले. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या एंझाइमात सेलेनियम असते हे १९७३ मध्ये समजले. पेशींना अपायकारक असलेल्या पेरॉक्साइडांचा निचरा हे एंझाइम करते. शरीरात हे मूलद्रव्य सेलेनोसिस्टीन या ॲमिनो अम्लाच्या रूपाने प्रथिनांत गुंफले जाते. अशा प्रथिनांची सु. २५ जनुके मानवात आहेत. अवटू (थायरॉइड) ग्रंथीचे संप्रेरक कार्यक्षम करणारी डिआयोडिनेज एंझाइमे याच गटातली.

पूरक सेलेनियमच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा केशान रोगाचा. ईशान्य चीनमधील केशान परगण्यात १९३५ मध्ये हृदयस्नायूंच्या या विकाराची मोठी साथ आली. ईशान्येपासून नैर्ऋत्येपर्यंतच्या ज्या पट्ट्यात तो आढळे तेथील माती व धान्य सेलेनियममध्ये दरिद्री होते. सिचवान प्रांतातील म्येनिंग परगण्यात १९७४ मध्ये मुलांना दर आठवड्याला सोडियम सेलेनाइटच्या गोळ्या देण्यात आल्या. गोळ्या मिळालेल्या ४,५१० मुलांपैकी १० जणांना रोग झाला, तर न मिळालेल्या ३,९८५ पैकी ५४ जणांना. पुढच्या वर्षीही असाच फरक दिसल्यावर १९७६ मध्ये तुलनेचा गट बंद करून सर्वांनाच गोळ्या सुरू झाल्या.

तरीही केवळ न्यूनतेमुळे रोग होतो, असे म्हणणे अवघड आहे. उत्तरेत तो हिवाळ्यात व दक्षिणेत उन्हाळ्यात वाढे. मातीतील सेलेनियम काही ऋतूंप्रमाणे बदलत नाही. रुग्णांत कॉक्सॅकी विषाणू सापडले होते. मेलिंडा बेक व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवले, की सेलेनियम-न्यून उंदरांच्या शरीरात या विषाणूचा निरुपद्रवी प्रकार उत्परिवर्तन पावून हृदयाला घातक होतो. न्यूनता ही पूर्वपीठिका व विषाणू हे निमित्त, या मताकडे आता बहुतेकांचा कल दिसतो. काशिन-बेक या सांध्यांच्या विकाराचा सेलेनियमशी जोडला जाणारा संबंध याहून कच्चा आहे.

पुरेसा आहार असलेल्यांना वरून सेलेनियम देण्याचा अनुभव निराशाजनक आहे. त्वचेच्या कर्करोगाचा इतिहास असलेल्या १,३१२ जणांवरील अमेरिकी चाचणीत (१९९६) त्वचेचा कर्करोग घटला नाही, पण पुरःस्थ (प्रॉस्टेट) ग्रंथीच्या कर्करोगाचे प्रमाण बरेच कमी दिसले. गोळ्यांचा बोलबाला झाला तो येथून. हा निष्कर्ष पडताळण्यासाठी ३५,५३३ पुरुषांवर रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम, ई जीवनसत्त्व किंवा दोन्ही देऊन केलेली ‘सिलेक्ट’ चाचणी कोणताही लाभ न दिसल्याने २००८ मध्ये थांबवावी लागली. पहिल्या चाचणीच्या पुनर्विश्लेषणात (२००७) गोळ्या घेणाऱ्यांत मधुमेहाचे प्रमाण अधिक आढळले होते. ग्रेव्ह्ज रोगातील (अवटू ग्रंथी अतिक्रियाशील होण्याच्या विकारातील) डोळ्यांच्या सौम्य विकारात सहा महिन्यांच्या उपचाराने गुण येतो, असे २०११ च्या यूरोपीय चाचणीत दिसले. आज औषध म्हणून एवढाच उपयोग बऱ्यापैकी मान्य आहे.

फिनलंडने १९८४ पासून गोळ्यांऐवजी खतांतच सोडियम सेलेनेट मिसळले व धान्य, दूध, मांस यांतील प्रमाण देशभर वाढवले. भारतात उलट उदाहरण पंजाबचे. नवांशहर व होशियारपूर जिल्ह्यांत शिवालिक टेकड्यांतून उतरणाऱ्या ‘चो’ ओढ्यांच्या गाळाने काही शेतांत सेलेनियम साचले असून जनावरांचे खूर-शिंगे व माणसांची नखे-केस यांवर परिणाम नोंदले गेले आहेत. म्हशींच्या देगनाला रोगाचे (पाय, शेपूट, कान यांची टोके सडण्याच्या विकाराचे) कारण मात्र काहींच्या मते सेलेनियम, तर काहींच्या मते भाताच्या पेंढ्यावरील बुरशी.

बाजारात सोडियम सेलेनाइट, सेलेनोमेथायोनीन व सेलेनियमयुक्त यीस्ट हे प्रकार मिळतात; यांतील शेवटचे दोन, म्हणजे सेंद्रिय प्रकार, अधिक शोषले जातात. अतिसेवनाची लक्षणे म्हणजे श्वासाला लसणीसारखा वास, ठिसूळ नखे व केसगळती. ब्राझील नटाच्या एकाच दाण्यात दिवसाच्या गरजेहून अधिक सेलेनियम असू शकते.