चेंडू खाली येतो, नजर मात्र वर जाते

गेल्या महिन्यात एका नातेवाइकाने प्रेरणादायी व्हिडिओ पाठवला. एक गरीब मुलगा परांचीवर उभा राहून बापाच्या हाताखाली विटा झेलतोय, आणि त्या विटांनी त्याचे हात असे घडवले की पुढे तो जगातला सर्वांत मोठा झेल घेणारा झाला. मागे बासरी, शेवटी ‘तुम्हीही करू शकता’. मुलाचं नाव जेरी राइस.

गोष्ट खोटी नाही. राइसचा जन्म १९६२ चा, बालपण मिसिसिपी राज्यातल्या क्रॉफर्ड या खेड्यात गेलं. वडील गवंडी होते, उन्हाळ्यात मुलं हाताखाली असायची, भाऊ खालून विटा फेकायचे आणि जेरी वर झेलायचा. पण आपल्याकडे कोणत्याही बांधकामावर जाऊन पाहा, मजुरांच्या साखळीतून वीट अशीच वर जाते. विटा झेलून माणूस घडत असता तर निम्मे विक्रमवीर बिगारी अड्ड्यावर सापडले असते. मला खटकलं ते वेगळंच. झेल हा हाताचा मामला आहे, असं हा व्हिडिओ गृहीत धरतो. प्रत्यक्षात हाताची पाळी सगळ्यात शेवटी येते.

आधी राइस कोण ते थोडक्यात. अमेरिकन फुटबॉलचा आपल्या फुटबॉलशी नावापुरताच संबंध. लांबट, दोन्हीकडे टोकदार चेंडू, वजन साधारण ४१० ग्रॅम. क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू तो हाताने फेकतो, आणि वाइड रिसीव्हर पळत जाऊन तो झेलतो. राइस हा वाइड रिसीव्हर. १९८५ पासून वीस हंगामांत त्याने १,५४९ झेल घेतले, त्यांतून संघाला मैदानात २२,८९५ यार्ड पुढे नेलं. म्हणजे जवळजवळ एकवीस किलोमीटर. अंगावर धावून येणाऱ्या माणसांमधून अर्धी मॅरेथॉन. यार्डांच्या यादीत दुसरा आहे लॅरी फिट्झजेराल्ड, १७,४९२ यार्डांवर. पहिल्या आणि दुसऱ्यातलं हे अंतर एखाद्या बऱ्यापैकी खेळाडूच्या अख्ख्या कारकिर्दीइतकं आहे.

गंमत म्हणजे हा माणूस फारसा वेगवान नव्हता. या खेळात चाळीस यार्ड, म्हणजे साडेछत्तीस मीटर, पळायला लागणारा वेळ ही खेळाडूची कुंडलीच समजतात. राइसचा वेळ ४.६ ते ४.७ सेकंदांच्या आसपास सांगितला जातो. या जागेसाठी तो सामान्यच. शिवाय कॉलेज छोटं, मिसिसिपी व्हॅली स्टेट. व्यावसायिक संघ कॉलेजचे खेळाडू पाळीपाळीने निवडतात; १९८५ च्या त्या निवडीत त्याच्याआधी दोन रिसीव्हर उचलले गेले आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टी-नाइनर्स संघाने त्याला सोळाव्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या हंगामात हातात आलेले पास सुटायचे, घरचेच प्रेक्षक हुर्यो उडवायचे. विटांनी घडवलेले हात तेव्हाही तेच होते, हे व्हिडिओवाल्यांनी लक्षात घ्यावं.

आता माझ्या आवडीच्या प्रश्नाकडे येतो. पन्नास मीटरवरून कुणीतरी चेंडू उंच फेकला. तो कुठे पडणार हे पळणाऱ्याला कळतं कसं?

शाळेत प्रक्षेप्य गती शिकलेला माणूस म्हणेल, मेंदू गणित करतो. सुरुवातीचा वेग, कोन, गुरुत्वाकर्षण, झालंच तर हवेचा विरोध. त्यावरून परवलय, म्हणजे चेंडूच्या वाटेची कमान, परवलयावरून पडण्याची जागा, मग पाय तिकडे. मलाही कित्येक वर्षं असंच वाटायचं. पण पन्नास मीटरवरचा चेंडू किती वेगाने सुटला हे डोळ्याला नीट कळत नाही. दोन डोळ्यांमधल्या सहा-साडेसहा सेंटिमीटरच्या फरकावर अंतर जोखण्याची युक्ती एवढ्या लांबवर फार ढोबळ होते. ज्या गणितात घालायचे आकडेच धड मिळत नाहीत, ते गणित सुटणार कसं?

१९६८ मध्ये सेव्हिल चॅपमन या भौतिकशास्त्रज्ञाने बेसबॉलच्या संदर्भात एक सुंदर गोष्ट दाखवली. तिच्यासाठी वही-पेन घ्या. घेतलं नाही तरी चालेल, पण घेतलंत तर मजा येईल.

चेंडू आडव्या दिशेने u वेगाने चाललाय आणि एकूण T सेकंद हवेत राहणार आहे. फेकून t सेकंद झाल्यावर त्याची उंची असते g/२ गुणिले t गुणिले (T − t); g म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा त्वरण, ९.८. तुम्ही नेमके चेंडू पडणार तिथेच उभे असाल, तर त्या क्षणी तो तुमच्यापासून आडव्या अंतराने u गुणिले (T − t) इतका दूर असतो. तुमची नजर जमिनीशी जो कोन करते त्याचा टॅन्जंट म्हणजे उंची भागिले अंतर. भागाकार करा. वरचा (T − t) आणि खालचा (T − t) एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतं gt/२u. बस्स. टॅन्जंट वेळेबरोबर एकसारखा वाढतो, घड्याळाच्या काट्यासारखा.

आकडे घालून पाहू. चेंडू आडवा २० मीटर प्रति सेकंद आणि वर १२ मीटर प्रति सेकंद असा सुटला, तर तो सुमारे २.४५ सेकंद हवेत राहतो आणि ४९ मीटरवर येतो. (हवेचा विरोध तूर्त सोडला आहे.) तुम्ही बरोबर ४९ मीटरवर उभे असाल तर दर अर्ध्या सेकंदाला टॅन्जंट होतो ०.१२, ०.२४, ०.३७, ०.४९. चाल एकसारखी. पाच मीटर पुढे आला असाल तर ०.१४, ०.३०, ०.५० आणि मग एकदम १.१. नजर वर उसळली, म्हणजे चेंडू डोक्यावरून जाणार. पाच मीटर मागे राहिलात तर ०.११, ०.२१, ०.२९, ०.३१. नजर वर जाता जाता दमली, म्हणजे चेंडू पुढ्यात पडणार.

म्हणजे चेंडू कुठे पडणार हे जाणण्याची गरजच नाही. नजर वर उसळायला लागली की मागे पळायचं, मंदावली की पुढे यायचं, एकसारखी चढत राहिली की आहे तेच चालू ठेवायचं. योग्य जागा आधी ठरवून पाय तिथे जात नाहीत. नजरेची चाल सांभाळता सांभाळता पाय आपोआप तिथे पोचतात. हवेचा विरोध, वारा, चेंडूची गिरकी यांनी परवलय बिघडलं तरी या युक्तीचं फारसं बिघडत नाही, कारण मुळात परवलयावर तिची भिस्तच नाही. चूक दिसली की दुरुस्ती, पुन्हा चूक, पुन्हा दुरुस्ती. सायकल चालवताना आपण हँडलचं जे करतो तेच.

१९९३ मध्ये मॅकलिऑड आणि डीनेस या दोघांनी झेल घेणाऱ्यांचं चित्रण करून मोजलं, तेव्हा माणसं पळताना टॅन्जंटची चाल खरोखरच एकसारखी ठेवतात असं दिसलं. दोन वर्षांनी मॅकबीथ आणि सहकाऱ्यांनी थोडी वेगळी युक्ती मांडली: चेंडू नजरेच्या पडद्यावर सरळ रेषेत जाताना दिसेल असं पळायचं. बाजूला जाणाऱ्या चेंडूसाठी ती जास्त उपयोगी. कोणती खरी यावर बरीच वादावादी झाली. पुढे कुत्र्यांच्या डोक्यावर कॅमेरे बांधून त्यांना फ्रिस्बी पकडायला लावलं, तर तीही असंच काहीतरी करताना आढळली. कुत्र्याला परवलय शिकवायला कुणी गेलं नव्हतं.

मला सगळ्यात आवडलेला भाग यापुढचा. २०१० मध्ये यांच्यापैकी काही संशोधकांनी, ज्यांना झेल उत्तम घेता येतो अशा लोकांना विचारलं, की चेंडू येताना तुमची नजर कशी फिरते? बऱ्याच जणांनी आत्मविश्वासाने सांगितलं, आधी वर जाते आणि मग चेंडूबरोबर खाली येते. साफ चूक. चेंडू खाली येत असतो तेव्हाही झेलणाऱ्याची नजर वरच चढत असते. वरचे आकडे पुन्हा पाहा, शेवटच्या सेकंदात चेंडू वेगाने उतरतोय आणि कोन वाढतोच आहे. आयुष्यभर जे केलं, ते करणाऱ्यालाच माहीत नाही. तेव्हा मोठ्या खेळाडूला ‘तुमचं रहस्य काय’ असं विचारून मिळणाऱ्या उत्तरावर किती विसंबायचं ते तुम्हीच ठरवा.

ओघात एक सांगून टाकतो. आपल्या शहरांत मध्यंतरी ‘मिडब्रेन अॅक्टिव्हेशन’चे वर्ग जोरात होते, अजूनही कुठे कुठे आहेत. मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि ती वास घेऊन रंग ओळखतात, चेंडू पकडतात असं दाखवायचं, फी हजारोंत. नाकाच्या बाजूला पट्टीखाली जी फट राहते तिच्यातून मूल बघत असतं, एवढंच. मेंदूची खरी करामत बघायची असेल तर मैदानावर नऊ वर्षांच्या कुठल्याही मुलाकडे उंच चेंडू टाका. फुकट आहे.

असो. राइसकडे परत. क्रिकेटमधला क्षेत्ररक्षक बहुधा उभा असतो, चेंडू उडाल्यावर पळतो. १९८३ च्या अंतिम सामन्यात लॉर्ड्सवर व्हिव रिचर्ड्सचा चेंडू उडाला आणि कपिल देव पाठमोरा पळत सुटला, तो झेल अजून आठवतो कारण क्रिकेटमध्ये तसं रोज घडत नाही. वाइड रिसीव्हरचं मात्र ते रोजचं काम. चेंडू सुटतो तेव्हा तो आधीच पूर्ण वेगात, चेंडू जातोय त्याच दिशेने पळत असतो. मग टॅन्जंटचं काय होतं?

पुन्हा तोच भागाकार. रिसीव्हर w या एकसमान वेगाने पळतोय आणि चेंडूबरोबर नेमका वेळेवर पोचणार आहे, तर दोघांमधलं अंतर (u − w) गुणिले (T − t). टॅन्जंट येतो gt भागिले २(u − w). पुन्हा एकसारखाच! वाढीचा दर बदलला, उभ्या माणसाला सेकंदाला ०.२४ तर ९ मीटर वेगाने पळणाऱ्याला ०.४५, पण चाल एकसारखीच राहिली. अट एकच: w बदलायचा नाही. मधेच पाय अडखळला, मान वळवताना गती मंदावली, शंका येऊन दोन पावलं आखूड पडली, की नजरेची चाल बिघडते, आणि ती चेंडूमुळे बिघडली की स्वतःमुळे, हे सोडवायला वेळ नसतो. डोळ्याने पाहून पायाने उत्तर द्यायलाच साधारण पाव सेकंद जातो, तेवढ्यात दोन मीटर निघून जातात.

राइसची जुनी दृश्यं पाहताना माझं लक्ष हाताकडे जात नाही, पावलांकडे जातं. चेंडू येण्याआधीची पाच पावलं आणि आल्यानंतरची पाच पावलं, कुठे जोड दिसत नाही. त्याचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांची सगळी पद्धतच मोजलेल्या पावलांवर उभी होती: अमुक पावलांवर वळायचं, आणि क्वार्टरबॅक, म्हणजे जो मॉन्टाना किंवा पुढे स्टीव्ह यंग, रिसीव्हर वळण्याआधीच पास सोडणार. चाळीस यार्डांच्या घड्याळात वेग मोजला जातो, वेगाचा सारखेपणा नाही. राइसच्या विक्रमाचं मूळ या सारखेपणात आहे, असं माझं मत. प्रयोगशाळेत हे कुणी त्याच्यावर मोजलेलं नाही, तेव्हा मत म्हणूनच घ्या. कॅलिफोर्नियात सॅन कार्लोसजवळच्या डोंगरवाटेवर ऑफ-सीझनमध्ये तो रोज चढ पळायचा, हे मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. दमल्यावर सगळ्यात आधी बिघडतं ते पाऊलच.

हाताला अगदीच काढून टाकत नाही. ४१० ग्रॅमचा चेंडू २२ मीटर वेगाने आला की जवळपास १०० ज्यूल ऊर्जा घेऊन येतो. दहा सेंटिमीटरमध्ये थांबवलात तर हातावर सरासरी शंभर किलो वजनाइतका जोर, तीस सेंटिमीटर मागे घेत थांबवलात तर तेहतीस. कैरी झेलणाऱ्या प्रत्येक पोराला हे कळतं. शिवाय हातमोजे होते. त्यांवर चिकट फवारा मारायचो असं राइस स्वतःच २०१५ मध्ये बोलून गेला, आणि चिकट पदार्थांवर तर १९८१ पासूनच बंदी होती. बरीच ओरड झाली. माझ्या दृष्टीने हा नियमभंगच, पण बोटांना कितीही चिकट फासा, चेंडूपासून दोन मीटरवर असलेल्या माणसाला त्याचा उपयोग शून्य.

१९९७ च्या पहिल्याच सामन्यात त्याच्या डाव्या गुडघ्याचे अस्थिबंध फाटले. साडेतीन महिन्यांत तो परतला, टचडाउनही केला (म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेला), आणि त्याच झेलावर पडून गुडघ्याची वाटी मोडली. वय पस्तीस. इथे बहुतेक कारकिर्दी संपतात. वयाबरोबर w कमी होतो, ९ चा ८ होतो. समीकरणात घालून पाहा: दर ०.४५ वरून ०.४१ वर येतो, पण टॅन्जंट एकसारखाच चढतो. क्वार्टरबॅकने पास जरा आखूड टाकला की झालं.

२००२ च्या हंगामात ओकलंड रायडर्सकडून खेळताना राइसने चाळिशी ओलांडली. त्या हंगामात ९२ झेल, १,२११ यार्ड. जानेवारी २००३ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यात, त्याचा संघ टँपा बे संघाकडून सपाटून हरला. सामन्याच्या शेवटच्या चतुर्थांशात क्वार्टरबॅक रिच गॅननने एक पास सोडला आणि चाळीस वर्षांचा राइस तो घेऊन ४८ यार्डांचं टचडाउन करून आला.