टेप बॅकअप बेभरवशाचा का झाला : जुन्या नेटवर्कची पार्श्वभूमी

जुन्या युनिक्स सर्व्हरवरचा रात्रीचा टेप बॅकअप, म्हणजे डिस्कवरच्या माहितीची चुंबकीय टेपेवर घेतलेली प्रत, कधी पूर्ण होतो, कधी अर्ध्यावर तुटतो आणि कधी तर पूर्ण झाल्याची नोंद असूनही त्यातली हवी ती फाइल परत मिळत नाही. असे झाले की दोष बहुधा टेपच्या माथी मारला जातो आणि नव्या टेपा मागवल्या जातात. टेपेचा इतिहास पाहिला तर हा तिच्यावर अन्याय आहे, असे माझे मत आहे. संगणक-कक्षातल्या एका यंत्रासाठी घडलेले हे माध्यम १९८० आणि १९९० च्या दशकांत नेटवर्कला जोडले गेले, आणि त्या स्थलांतरात त्याच्या कामाच्या मूळ अटी एकेक करून सुटत गेल्या. आज आढळणारे बरेचसे बिघाड त्या सुटलेल्या अटींतून आलेले असतात.

युनिव्हॅक संगणकासोबत १९५१ मध्ये आलेल्या युनिसर्व्हो ड्राइव्हमध्ये धातूची टेप होती. पुढच्याच वर्षी आलेल्या आयबीएम ७२६ ने लेप दिलेली प्लास्टिकची टेप वापरली आणि तिच्यासोबत एक महत्त्वाची युक्ती आणली. टेपेचा सैल फास निर्वात स्तंभात लोंबता ठेवल्यामुळे जड रीळ जागच्या जागी असतानाही टेपेचा छोटा तुकडा काही मिलिसेकंदांत सुरू होई आणि थांबे. संगणकाने माहिती उशिरा दिली, तर टेप थांबून वाट पाही आणि त्यात तिचे काहीही बिघडत नसे. पुढच्या ड्राइव्हमध्ये लिहिणाऱ्या हेडच्या मागोमाग वाचणारे हेड बसवल्याने लिहिलेले लगेच तपासले जाऊ लागले. शिवाय ऑपरेटर शेजारी उभा असे, आणि टेपेचा आवाज बदलला तरी त्याच्या ते लक्षात येई.

थ्रीएम कंपनीने १९७२ मध्ये पाव इंची कार्ट्रिज बाजारात आणली, आणि १९८० च्या दशकात ती वर्कस्टेशनच्या पेटीत जाऊन बसली. ६० आणि नंतर १५० मेगाबाइटच्या या कार्ट्रिजमध्ये निर्वात स्तंभ नव्हता. आत ताणलेला एक लवचिक पट्टा दोन्ही रिळे फिरवी. कार्ट्रिज बराच काळ पडून राहिली किंवा तिने उन्हाळा-हिवाळा पाहिला, की टेपेचा ताण जागोजागी वेगवेगळा होई आणि वाचताना चुका येऊ लागत. त्यावर उपाय म्हणजे लिहिण्याआधी टेप या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा पळवून परत आणणे. यासाठी युनिक्समध्ये ‘एमटी रिटेन्शन’ हा स्वतंत्र आदेश होता, आणि तो चालवल्यावर ‘खराब’ ठरवलेल्या किती तरी कार्ट्रिज पुन्हा नीट वाचता येत. मोठा बदल मात्र वेगळाच होता. हे ड्राइव्ह अखंड वाहत्या माहितीसाठी बनवलेले होते. प्रवाह तुटला की टेप पुढे घसरत जाई, मग थांबून मागे येई, जागा शोधी आणि पुन्हा वेग घेई.

१९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत दूरच्या यंत्रावरचा टेप ड्राइव्ह वापरण्याची सोय आली आणि एका ड्राइव्हवर अख्ख्या कार्यालयाचा बॅकअप घेण्याची पद्धत पडली. १९८७ मध्ये आलेला एक्साबाइट ८२०० हा व्हिडिओच्या ८ मिलिमीटर टेपेवर सुमारे २.३ गिगाबाइट मावणारा ड्राइव्ह या पद्धतीला फार सोयीचा पडला. त्याचा वेग सेकंदाला अडीचशे किलोबाइटच्या आतबाहेर होता आणि १० मेगाबिटचे इथरनेट तेवढी माहिती सहज पुरवी. खरी अडचण १९९० च्या दशकाच्या मध्यावर आली. डीएलटी ४००० या नव्या टेप ड्राइव्हला सेकंदाला १.५ मेगाबाइट लागत, आणि त्या इथरनेटची कागदावरची कमाल मर्यादाच १.२५ मेगाबाइट होती. हजारो लहान फाइली असल्या, तर प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी मिळे. परिणामी जुना, हळू ड्राइव्ह काढून नवा, महाग ड्राइव्ह बसवल्यावर बॅकअप अधिक लांबले, टेप व हेड लवकर झिजले आणि चुका वाढल्या. ड्राइव्ह दोनदा बदलूनही दोष जात नाही, अशा ठिकाणी आधी प्रवाहाचा वेग मोजावा, असे मी आग्रहाने सांगेन.

सॉफ्टवेअरनेही रिळांच्या काळातली गृहीतके बरोबर आणली. डिस्कचा बॅकअप टेपेवर घेणारा ‘डंप’ हा आदेश टेप कुठे संपेल हे फूट आणि घनता यांच्या गुणाकारावरून ठरवी, आणि वेगळे सांगितले नाही तर २,३०० फूट व इंचाला १,६०० बाइट असे धरून चाले. ११२ मीटरच्या एक्साबाइट कार्ट्रिजसाठी त्याला ६,००० फूट आणि ५४,००० घनता असे काल्पनिक आकडे द्यावे लागत. हे आकडे चुकले, की टेप शिल्लक असताना नवी मागितली जाई किंवा मधेच संपे. ‘डंप’ डिस्क अनेक फेऱ्यांत वाचतो, म्हणून त्या वेळी डिस्कवर कुणी लिहू नये अशी अपेक्षा होती. नेटवर्कवरचा सर्व्हर मात्र रात्रीही कुणाचे तरी काम करत असे. सर्वांत घातक चूक अगदी साधी होती. युनिक्समध्ये एकाच ड्राइव्हला दोन नावे असतात : एका नावाने वापरल्यास काम संपताच टेप रिवाइंड होते, तर ‘एन’ जोडलेल्या नावाने ती आहे तिथेच थांबते. स्क्रिप्टमध्ये पहिले नाव असेल, तर प्रत्येक डिस्कचा बॅकअप आधीच्या बॅकअपवर लिहिला जातो, नोंदवहीत सगळीकडे यश दिसते आणि टेपेवर उरते फक्त शेवटची डिस्क.

केबलची बाजू थोडक्यात सांगता येते. ड्राइव्ह संगणकाला जोडणाऱ्या साध्या स्कझी केबलची एकूण लांबी ६ मीटर आणि वेगवान प्रकारात ३ मीटर इतकीच चालत असे, त्यात पेट्यांच्या आतली केबलही धरायची आणि टर्मिनेटर (संकेत टोकावरून परत फिरू न देणारा जोड) फक्त दोन टोकांना हवा. हे बिघडले की लहान बॅकअप नीट होतो आणि मोठा मधेच तुटतो. डॅट (मूळ ध्वनिमुद्रणासाठीची छोटी कॅसेट) आणि ८ मिलिमीटर ड्राइव्हमध्ये फिरते हेड तिरप्या रेषांत लिहिते. ते किंचित सरकले, तर तो ड्राइव्ह स्वतःच्या टेपा वाचत राहतो आणि तो बदलल्यावरच कळते की जुन्या टेपा दुसरीकडे वाचल्या जात नाहीत. मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत टेपेवरच्या लेपातला चिकट घटक पाणी शोषून सुटू लागतो आणि तो हेडवर जमतो, हेही ध्यानात ठेवावे.

प्रवाहाच्या अडचणीवर मेरीलँड विद्यापीठात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला घडलेल्या अमांडा या प्रणालीने चांगला तोडगा काढला. अनेक यंत्रांचे बॅकअप आधी एका डिस्कवर जमवायचे आणि तिथून ते टेपेवर सलग ओतायचे. २००० मध्ये १०० गिगाबाइटची एलटीओ ही नवी टेप आली, आणि या कुळातले अनेक ड्राइव्ह येणाऱ्या माहितीनुसार स्वतःचा वेग कमी-जास्त करू लागले.

त्याआधीच्या टेपा आजही कपाटांत आहेत आणि त्या वाचायची वेळ येते. तेव्हा प्रथम कार्ट्रिजची लिहिण्याची कळ बंद करावी, हेड स्वच्छ करावे आणि पाव इंची टेप असेल व तिचा पट्टा शाबूत असेल तरच ताण सारखा करून घ्यावा. टेपेवर माहिती ब्लॉक नावाच्या तुकड्यांत लिहिलेली असते; मग ड्राइव्ह बदलत्या मापाच्या ब्लॉकच्या पद्धतीत ठेवून ‘डीडी’ या प्रत काढणाऱ्या आदेशाला मुद्दाम मोठा ब्लॉक देऊन एकच नोंद वाचायला सांगावी. जितके बाइट परत येतील, तोच बहुधा त्या टेपेचा मूळ ब्लॉक असतो आणि त्याच मापाने संपूर्ण टेप आधी डिस्कवर उतरवून फाइली बाहेर काढणारा ‘टार’ किंवा ‘रिस्टोअर’ आदेश त्या प्रतीवर चालवता येतो.