लिंबोणीला जरा तहान लागू द्या

आमच्या शेजारच्या काकूंच्या परसातली लिंबोणी सात वर्षांची झाली. पानं हिरवीगार, काटे बोटभर, फूल मात्र एक नाही. कुणीतरी सांगितलं म्हणून खोडात चार खिळे ठोकून झाले, फांदीला जुनी चप्पलही लोंबतेय. खिळ्याने फूल येत नाही, जखमेतून बुरशी तेवढी शिरते. खरी गोम आहे रोज संध्याकाळी न चुकता पडणाऱ्या दोन बादल्या पाण्यात.

विदर्भातल्या संत्राबागायतदाराला हे सांगावं लागत नाही. तो बहार धरायचा म्हणजे आधी पाणी तोडतो. डिसेंबर-जानेवारीत असा पाण्याचा ताण दिला की आंबिया बहार, मे महिन्यात दिला की मृग. तिकडे इटलीत सिसिलीचे लिंबूवालेही उन्हाळ्यात पाणी तोडून अवेळी फुलं आणतात.

पण तहानेने फूल का यावं? ‘झाड मरणाला घाबरतं’ हे उत्तर ऐकायला बरं, पण त्यातून कळत काहीच नाही. रशियातल्या मिखाईल चैलाख्यान यांनी 1930च्या दशकात दाखवलं की फुलायचा निरोप पानात तयार होतो आणि तिथून शेंड्याकडे जातो. त्यांनी त्याला फ्लोरिजेन नाव दिलं. हा निरोप्या हाती लागायला पुढे सत्तरेक वर्षं गेली. तो निघाला एफटी नावाचं एक छोटं प्रथिन. पानातली साखर ज्या नलिकांतून वाहते त्यांतूनच ते फांदीवरच्या डोळ्यापर्यंत, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेपर्यंत पोचतं, तिथल्या एफडी या प्रथिनाशी जोडी जमवतं आणि फुलाची जनुकं चालू करतं. लिंबूवर्गीय झाडांत थंडी आणि पाण्याचा ताण, दोन्हींमुळे या एफटीचं जनुक जोरात कामाला लागतं. जपानी संशोधकांनी संत्र्याचं हे जनुक त्रिपर्णी संत्र्याच्या रोपात घातलं, तर एरवी वर्षानुवर्षं न फुलणारी रोपं काही महिन्यांतच फुलली! जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक याच्या उलट वागतं. झाडावर लटकत राहिलेली जुनी फळंही एफटीला दाबतात, म्हणून लिंबं वेळेवर उतरवावीत.

ताणाने डोळ्यांचं फक्त ठरतं. ते फुटतात पुन्हा पाणी मिळाल्यावर. पाणी तोडलं की आधी पानं दुपारी वळतात आणि संध्याकाळी सावरतात. मग सावरेनाशी होतात, पिवळी पडून गळू लागतात. पाव हिस्सा पानं गळली की पुरे. हलक्या जमिनीत हे लवकर होतं, काळ्या जमिनीत वेळ लागतो. मग आळं हलवून शेणखत घालायचं, पहिलं पाणी बेताचं, पुढचं भरपूर. कुंडीतल्या झाडावर हा प्रयोग नको, ते चार दिवसांत वाळून जाईल. आणि बियांपासून लावलेलं झाड चार-पाच वर्षांचं होईपर्यंत कशालाच दाद देत नाही. बाजारातल्या ‘हमखास फुलोऱ्या’च्या औषधाच्या बाटलीलासुद्धा!

काकूंनी डिसेंबरात पाणी तोडलं. दहाव्या दिवशी मलूल पानं बघून राहवलं नाही, ओतली एक बादली. ताण मोडला. आता दिवस पुन्हा एकपासून मोजायचे.