बार्बेक्यू केलेलं की बार्बेक्यू सॉसमधलं?

नाशकात 'बार्बेक्यू' म्हटलं की निखारेच आठवतात. थंडीत गच्चीवर पेटवलेली शेगडी, सळईत ओवलेलं चिकन, वरून ब्रशने फिरवलेलं लोणी. अमेरिकेत दुकानाच्या फ्रीजमधून उचललेल्या 'बार्बेक्यू' लिहिलेल्या बीफच्या डब्याला मात्र निखारा लागलेला असेलच असं नाही. मऊ शिजवून रेषा सुटलेलं मांस गोड-आंबट सॉसमध्ये कालवलं की तो डबा तयार होतो. नाव एकच असल्यामुळे इथे गच्चीवरच्या चिकनपुढे कॅलरी मोजायच्या ॲपमध्ये डब्याचे आकडे पडतात. तिकडे शिकायला गेलेली मुलं तोच डबा निव्वळ प्रोटीन समजून संपवतात. दोघांचाही हिशेब चुकतो.

हा फरक अमेरिकेच्या नियमांतच लिहिलेला आहे. नुसतं 'बार्बेक्यूड' म्हणायचं तर मांस लाकडाच्या किंवा कोळशाच्या कोरड्या आचेवर भाजलेलं हवं, वर तपकिरी कवच धरलेलं हवं आणि भाजल्यावरचं वजन कच्च्या मांसाच्या ७० टक्क्यांहून जास्त भरता कामा नये. म्हणजे किलोतले किमान ३०० ग्रॅम शेगडीवर गेलेच पाहिजेत. 'बीफ विथ बार्बेक्यू सॉस' असं नाव असेल तर शिजलेलं मांस किमान ५० टक्के. आणि शब्दांची अदलाबदल होऊन 'बार्बेक्यू सॉस विथ बीफ' झालं की ३५ टक्के पुरतं! डबा घेताना पुढच्या चित्रापेक्षा नावातला पहिला शब्द कोणता, ते बघावं.

आता आकडे. शिजलेल्या, चरबी काढलेल्या बीफमध्ये १०० ग्रॅमला साधारण २६-२७ ग्रॅम प्रोटीन असतं. साध्या बार्बेक्यू सॉसमध्ये १०० ग्रॅमला सुमारे १७० कॅलरी, ३३ ग्रॅम साखर आणि १००० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम. निम्मं मांस, निम्मा सॉस धरा. १०० ग्रॅममागे प्रोटीन १३ ग्रॅमवर येतं आणि साखर १६ ग्रॅमवर जाते, म्हणजे चहाचे चार चमचे. ३५ टक्केवाल्या डब्यात प्रोटीन जेमतेम ९ ग्रॅम, साखर २१ ग्रॅम. लोह, झिंक, बी-१२ हे सगळं मांसातून येतं, सॉसमधून नाही, त्यामुळे तेही त्याच प्रमाणात घटतं. गंमत अशी की एकूण कॅलरी बघितल्या तर दोन्ही पदार्थ फार लांबचे वाटत नाहीत. म्हणून नुसत्या कॅलरी बघणारा हमखास फसतो.

लेबलची आणखी एक खोच आहे. आपल्याकडच्या पाकिटावर आकडे १०० ग्रॅममागे मिळतात, अमेरिकी डब्यावर एका सर्व्हिंगमागे, म्हणजे एका वाढणीमागे, आणि ती सर्व्हिंग बहुतेक वेळा पोळीत गुंडाळायलाही पुरत नाही. समजा सर्व्हिंग ५६ ग्रॅम आणि साखर ८ ग्रॅम लिहिली आहे. ८ भागिले ५६ गुणिले १००, म्हणजे १४ ग्रॅम. तुलना करायची ती या आकड्याशी.

इथे बीफचा प्रश्न नाही. २०१५ पासून महाराष्ट्रात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. नाशकातल्या शेगडीवर चिकन किंवा बोकडाचं मटण असतं, पण गणित तेच. घोळ होतो तो कच्च्या आणि शिजलेल्या वजनाचा. बिनकातड्याच्या चिकन ब्रेस्टमध्ये कच्चं असताना १०० ग्रॅमला साधारण १२० कॅलरी आणि २२.५ ग्रॅम प्रोटीन, भाजल्यावर १६५ कॅलरी आणि ३१ ग्रॅम. बोकडाचं मटण कच्चं २०-२१ ग्रॅम, भाजलेलं २७. आचेवर प्रोटीन वाढत नाही, पाणी उडतं आणि उरलेलं दाट होतं. दुकानातून तोलून आणलेलं २०० ग्रॅम ब्रेस्ट म्हणजे ४५ ग्रॅम प्रोटीन. तेच ॲपमध्ये 'रोस्टेड, २०० ग्रॅम' म्हणून टाकलं की ६२ दिसतं. १७ ग्रॅम हवेतून आले! कच्चं तोलाल तर नोंदही कच्च्याचीच करा, आणि हाडासकट तोललं असेल तर हाडं वजा करायला विसरू नका.

गच्चीवरच्या चिकनला धुतल्या तांदळासारखं समजायचंही कारण नाही. किलोभर बोनलेस चिकनला आलं-लसूण, चक्का, तिखट, दोन चमचे मोहरीचं तेल आणि सपाट दोन चमचे, म्हणजे साधारण १२ ग्रॅम मीठ लागतं. भाजून ७०० ग्रॅम उरतं. मसाल्यातलं थोडं मीठ गळून जातं, पण सगळं राहिलं असं धरलं तर १०० ग्रॅममागे ६५०-७०० मिलिग्रॅम सोडियम होतं. वरून चाट मसाला भुरभुरला की आणखी वाढ. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला २००० मिलिग्रॅम आहे. मिठाच्या बाबतीत शेगडी आणि डबा सख्खे शेजारीच. चक्क्यातली साखर मात्र किलोभर चिकनमध्ये नगण्य, खरा फरक तिथे. लोण्याचा प्रत्येक मोठा चमचा १०० कॅलरी घालतो. एका बाजूला एकदाच ब्रश फिरवला तरी चव येते, दर दोन मिनिटांनी फिरवलेलं बरंचसं निखाऱ्यावरच ठिबकतं, भडका उडतो आणि कडू धुराची काजळी तुकड्यांवर बसते. ती काजळी चवीलाही वाईट आणि तब्येतीलाही. धग असलेले निखारे एका बाजूला सारून ठेवावेत, भडकलं की सळया दुसऱ्या बाजूला घेता येतात.

बाटलीतला सॉस आवडत असेल तर तो मॅरिनेशनमध्ये घालू नये. साखर आधी जळते, बाहेरून तुकडा काळा पडतो आणि कापला तर हाडाजवळ गुलाबी निघतो. चिकन आतून ७४ अंश सेल्सिअसला पोचायला हवं, आणि घाईत सळई उतरवली जाते ती नेमकी याच काळेपणाला फसून. आधी चिकन पूर्ण भाजून घ्यावं, शेवटची पाच मिनिटं राहिली की पातळ थर लावावा. माणशी एक मोठा चमचा, साधारण १७ ग्रॅम, म्हणजे साखर साडेपाच-सहा ग्रॅम. वाटी भरून शेजारी ठेवली की मोजमाप संपलं. प्रत्येक घास बुडवूनच खाल्ला जातो.