जड गोळी झुडपं कापत जाते?

किनवट-माहूरकडच्या साग-बांबूच्या रानातल्या जुन्या शिकारगप्पांत एक समज हमखास निघतो: जाड, जड गोळी झुडपं कापत सरळ जाते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार थांबवली, समज राहिला. अमेरिकेत, जिथे दाट जंगलात हरणाची शिकार परवान्यानं चालते, तिथेही तो तितकाच लाडका आहे.

गोळी सरळ जाते ती भोवऱ्यासारखी फिरते म्हणून. नळीतल्या पीळदार खाचा तिला फिरकी देतात, 1895 सालच्या .30-30 या दाट रानासाठी नावाजलेल्या अमेरिकी काडतुसाची बोथट गोळी सेकंदाला सुमारे 2200 फेरे घेत निघते. काडीला टेकली की टोक ढकललं जातं आणि ती डुलायला लागते. समजा, वाट फक्त 2 अंशांनी वळली. काडी जनावराच्या 1 मीटर अलीकडे असेल तर नेम साडेतीन सेंटीमीटर चुकेल. 20 मीटर अलीकडे असेल तर तब्बल 70. जड, बोथट गोळी थोडी कमी बिचकते, इतकंच. काडी कुठे आहे, याला जास्त महत्त्व. उसात शिरलेल्या रानडुकरांसाठी वनखात्यानं परवानगी दिली तरी उभ्या फडात बार काढणं मला वेडेपणाच वाटतो. फाकलेली गोळी किलोमीटरभर सहज जाते आणि पलीकडे तोडकरी असतात.

मग ती गोळी बोथट का? .30-30 च्या बऱ्याच रायफलींत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसतात. मागचीचं टोक पुढचीच्या बुडाला, नेमकं बार पेटवणाऱ्या टोपीवर टेकतं. ते अणकुचीदार असेल तर धक्क्यानं आतच बार उडू शकतो. झुडपांचा इथे काही संबंध नाही!

वेगवान गोळीचाही दाट रानात फारसा फायदा नाही. 50 मीटरवर .30-30 ची गोळी साधारण 3 सेंटीमीटर खाली येते, बरीच वेगवान असलेल्या .30-06 या दुसऱ्या काडतुसाची 2. एका सेंटीमीटरसाठी जास्त धक्का आणि कानठळ्या कशाला?

दाट रानात उपयोगी पडते ती अर्ध्या मीटरची आखूड नळी. फांद्यांत अडकत नाही, पटकन खांद्याला लागते. दुर्बीण दुपटीची पुरे. नऊपटीच्या दुर्बिणीतून 20 मीटरवर जेमतेम 80 सेंटीमीटर रुंदीचा तुकडा दिसतो, म्हणजे समोर डुक्कर असलं तरी डोळ्याला नुसती केसाळ पाठ. तोंड कुठल्या बाजूला आहे तेही कळत नाही.